चादरीखालचा सौदा

माझ्या थोरल्या भावाच्या पायात गोणी ओढायचा आकडा घुसला, तेव्हा मी समोरच्याच गाळ्यात बसलो होतो, आणि उठलो नाही. हमालांनी त्याला कट्ट्यावर बसवलं, नळाखाली पाय धुतला, हळद दाबून फडकं बांधलं. मी ते सगळं बघितलं आणि गिऱ्हाइकाला कांद्याचा नमुना दाखवत राहिलो. इंजेक्शन घ्यायला हवं, हे मला कळत होतं. तिथून ओरडून सांगितलं असतं तरी त्याला ऐकू गेलं असतं. मधे फक्त ट्रक जाण्याएवढा रस्ता होता.

का उठलो नाही ते सांगतो. आम्ही दोघं भाऊ साताऱ्याकडून मुंबईत आलो आणि पाठीवर गोण्या वाहून वर आलो. मार्केट मुंबईतून वाशीला हललं तेव्हा गाळा त्याच्या एकट्याच्या नावावर झाला. मी विचारलं, तर दादा म्हणाला, "नाव कुणाचं का असंना, गाळा दोघांचाच." पुढं तो दोघांचा राहिला नाही. मी भांडून बाहेर पडलो, समोर दुसऱ्याचा गाळा भाड्यानं घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्यापेक्षा जास्त माल काढून दाखवला. सात-आठ वर्षं आम्ही एकमेकांशी व्यवहार केला तो तिसऱ्या माणसाच्या हातून. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढची सगळी गोष्ट हाताचीच आहे.

आमच्या बाजारात सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि देणारा एकमेकांच्या हातात हात देत, वर रुमाल नाहीतर टॉवेल टाकत आणि बोटं दाबून भाव बोलत. याला हत्ता म्हणतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा दाबला की पाच. पंजा सोडून परत दोन बोटं धरली की सात. मधल्या पेरावर अंगठा फिरवला की वर अर्धा. हे आकडे शेकड्याचे की हजाराचे, ते कुणी सांगत नाही. ते दोघांना आधीच ठाऊक असतं. मला हत्ता दादानंच शिकवला. रुमालाबाहेर नुसतं मनगट हललेलं बघून आतला भाव ओळखणारी माणसं त्या मार्केटात फार नव्हती. त्यांतला एक मी होतो आणि त्याची मला घमेंड होती.

आठवड्याभरानं दादाला भाकरीचा घास घ्यायला जबडा उघडेना. मग मान ताठली, पाठ ताठली. धनुर्वात. वाशीतल्याच एका हॉस्पिटलात त्याला आयसीयूत टाकलं. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि ती मशीनला जोडली. तीन आठवडे तो आत होता. वहिनी बाहेरच्या बाकावर बसून असायची. मी रोज मार्केट आटपून जायचो, डॉक्टरांशी बोलायचो, औषधवाल्याशी हुज्जत घालायचो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मला ते बरं वाटायचं. दादाच्या जवळ मात्र मी गेलो नाही. काचेतून बघायचो.

मग मशीन सुटली आणि त्याला वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात आणलं. मला वाटलं होतं, आयसीयूतून सुटला म्हणजे सुटला. वॉर्डात आल्यावर कळलं की खरं काम आता सुरू झालंय. गळ्यातली नळी तशीच होती, त्यामुळे आवाज नाही. नाकातल्या नळीतून मुगाचं पाणी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठ सडते. नळीतला कफ मशीननं ओढून काढायचा, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. पाय काडीसारखे झाले होते. अर्धा वेळ त्याला आपण कुठे आहोत ते कळत नसे. पलंगाचा कठडा धरून तो ट्रकच्या मागच्या फाळक्यावर बसल्यासारखा करायचा. तो सहीपुरता शिकलेला, त्यामुळे पाटी-पेन्सिल देऊनही उपयोग नव्हता. काही हवं असलं की हातवारे करायचा आणि ते न कळल्यावर डोळे मिटून घ्यायचा.

तिथे दिवसपाळीला एक सिस्टर होती. उरणजवळच्या मोऱ्याची, कोळ्यांतली. पंचविशीतली असेल. रोज उरणहून एसटीनं यायची. बोलणं तिकडचंच, दादाला 'आबा' म्हणायची, चादर बदलताना त्याच्याशी एकटीच गप्पा मारायची. तिचं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं. मी ते कधी वाचलं नाही. भाव सांगणाऱ्याचं नाव मी नेहमी आधी विचारतो, पण तिच्याकडून मला काही विकत घ्यायचं नव्हतं.

वहिनी दोन-तीनदा म्हणाली, "भावजी, आता त्यांना खुर्चीत बसवायला लागलेत." मी बरं म्हणालो. बसवायला लागले म्हणजे काय, कसं, किती, काही विचारलं नाही. त्या दिवसांत माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, आणि ती म्हणजे कोण आपल्याला लुटतंय. एक्स-रेला न्यायची ट्रॉली ढकलायलासुद्धा तिथला एक माणूस पैशासाठी हात पुढे करायचा. तो मी भर जिन्यात धरला होता. त्यामुळे या इमारतीत प्रत्येकजण हात पुढे करणारच, हे मी धरून चाललो होतो.

एका गुरुवारी मार्केट लवकर उठलं. भेटायच्या वेळेला तासभर बाकी होता. मी वॉचमनला गोडीगुलाबीनं पटवून वर गेलो. दादाच्या पलंगाभोवतीचा पडदा अर्धा ओढलेला होता. फटीतून बघितलं तर सिस्टर स्टुलावर बसली होती. तिचा उजवा हात दादाच्या चादरीखाली होता. दादाचाही हात चादरीखाली होता. आणि चादर हलत होती.

मला समजायला क्षणही लागला नाही. पंजा. मग दोन बोटं. सात. तिनं मान हलवली आणि परत पंजा, परत पंजा. दहा. दादानं मान हलवली. परत सात. मग ती हळू आवाजात म्हणाली, "असं नाय चालनार, आबा. कालच्यापेक्षा चांगलं वाढवायला पायजे."

दादा हसला. महिनाभरानं त्याच्या तोंडावर हसू आलं होतं. मी ते बघितलं आणि मला वाटलं, बिचारा लाचारीनं हसतोय. कूस बदलायचे, पाणी द्यायचे, कफ काढायचे पैसे ही बाई या मुक्या माणसाकडून रोज वाढवून कबूल करून घेतेय. आणि तेही आमच्याच हत्त्यानं, म्हणजे हे किती दिवस चाललं असेल.

मी पडदा ओढला आणि म्हणालो, "हात बाहेर काढ."

ती दचकली, पण हात लगेच काढला नाही. आधी दादाचा हात नीट पोटावर ठेवला. मी विचारलं, सात काय? सातशे? ती म्हणाली, "मिनटं."

"काय?"

"सात मिनटं बसतो बोलतात. मी दहा बोलतंय. बोटं त्यांनीच शिकवली मला, एकेक धरून. असं उघड्यावर हात देत नाय ते. चादर टाकली का मगच भाव बोलतात."

मी मोठ्यानं हसलो. वीस वर्षांत कुणी मिनिटांचा सौदा केलेला मी पाहिला नव्हता. मी तिला चोर म्हणालो. त्याहून वाईट एक शब्द वापरला, तो इथे लिहीत नाही. माझा आवाज मार्केटात चार गाळे ओलांडून जातो. तो वॉर्ड केवढासा. सगळे पेशंट उठून बसले, नातेवाईक दारात जमले. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "हळू बोला. त्यांना आवाज सोसत नाय. हळू बोला." मला वाटलं, लाज झाकायला सांगतेय. तेवढ्यात दादाचं अंग आखडलं. मान मागे गेली, पाठ पलंगावरून उचलली गेली, दात आवळले. धनुर्वाताच्या माणसाला मोठा आवाज झटका आणतो. हे आयसीयूच्या दारावर लिहिलेलं मी तीन आठवडे रोज वाचलं होतं.

तिनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि त्याच्या तोंडाशी वाकली. झटका ओसरल्यावर दादाचा हात हवेत काहीतरी चाचपत होता. माझ्याच दिशेनं. मी तो धरून खाली दाबला आणि म्हणालो, शांत पड, मी बघतो. तो हात मला काहीतरी सांगत होता. त्या इमारतीत तिच्याशिवाय त्या हाताची भाषा येणारा माणूस फक्त मी होतो. आणि मी तो गादीवर दाबून धरला.

आवाज ऐकून सिस्टरांच्या वरच्या मेट्रनबाई आल्या आणि चौकशी करते म्हणाल्या. मी म्हणालो, चौकशी नंतर, आधी तिला इथून हलवा, नाहीतर उद्या सकाळी मार्केटातले दोनशे हमाल तुमच्या गेटवर बसतील. दोनशे नव्हते, वीसही आले नसते. पण मोठा आकडा सांगून उतरायला जागा ठेवायची, ही माझी सवय. त्यांना उतरवून घ्यायला वेळ नव्हता. त्यांनी त्याच दिवशी तिला खालच्या मजल्यावर मुलांच्या वॉर्डात पाठवलं. मी जिना उतरलो तेव्हा एखादा मोठा सौदा मारल्यासारखा खुशीत होतो.

दुसरी सिस्टर आली. कामाला चोख होती. ती म्हणाली, आजोबा, उठा, बसायचंय. दादानं डोळे मिटले आणि मुठी वळल्या. दोघांनी मिळून उचललं तर त्यानं अंग टाकून दिलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी अंगात ताप भरला. डॉक्टर म्हणाले, छातीत खाली कफ साठतोय. बसला नाही, खोकला नाही, तर परत मशीनवर घ्यावं लागेल, आणि या वेळी मशीन सुटेलच असं सांगता येत नाही.

ते गेल्यावर वहिनी पदराला हात पुसत म्हणाली, "तुम्ही त्यांचा हात एकदा तरी धरून बघायचा होता, भावजी."

"मला काय माहीत, ती खरं बोलत होती ते?"

"म्हणूनच म्हणते. धरला असता तर त्यांनीच सांगितलं असतं."

पलंगाच्या पायथ्याला एक फळी टांगलेली असते. तिच्यावर कागद असतात. ताप, लघवी, औषधं, सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. मी पहिल्यांदाच ती फळी हातात घेतली. एका रकान्यात एकाच हाताचं अक्षर होतं. तीन. चार. चार. पाच. साडेपाच. सहा. गुरुवारी रिकामं. त्यानंतर रिकामं.

त्या साडेपाचानं मला खाली बसवलं. डॉक्टर पाच लिहील किंवा सहा लिहील. अर्धं मिनिट कोण मोजतं? अर्धा सौद्यातच निघतो. एकानं सहा मागायचे, दुसऱ्यानं पाचावर अडून बसायचं, मग कंटाळून दोघांनी मधलं धरायचं. हा चढ मी आयुष्यभर वाचत आलो होतो. ती पोरगी रोज त्या स्टुलावर बसून, मरणातून उठलेल्या एका व्यापाऱ्याकडून त्याच्याच भाषेत अर्धं अर्धं मिनिट सोडवून घेत होती. त्यालाही सौदा मिळत होता. आपण अजून कुणीतरी आहोत, आपल्याला अजून नाही म्हणता येतं, हे त्याला त्या चादरीखाली रोज कळत होतं. आणि मी बाहेरून आलो, आकडा बरोबर ओळखला, आणि तो कशाचा आहे ते माझ्या मनानंच ठरवलं.

मी स्टूल ओढलं. चादर त्याच्या हातावर घेतली, खाली हात घातला. सात-आठ वर्षांनी मी सौद्यासाठी त्याचा हात धरत होतो. तळव्यावरचे घट्टे गेले होते, हात मऊ पडला होता. मी पंजा दाबला. पाच. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मूठ मिटली. मी पुन्हा प्रयत्न केला, दोन बोटं मागितली. मूठ उघडली नाही. बाजारात याचा अर्थ एकच होतो. तुझ्याशी सौदा नाही.

मी खाली गेलो. मुलांच्या वॉर्डाच्या दारात ती औषधाची बाटली हलवत उभी होती. मला बघून तिनं दार मागे ओढून घेतलं. आतल्या मुलांनी ऐकू नये म्हणून असेल. मी म्हणालो, चूक झाली. मग ताप, कफ, मशीन, सगळं सांगितलं. तापाचं ऐकून तिचा चेहरा बदलला. तिनं विचारलं, "आज किती कफ निघाला? पिवला हाय का?" मला सांगता आलं नाही.

मग म्हणाली, "मी येईन. पन तुमी जे वरडलात ना, ते सगल्यांसमोर वरडलात. माझ्या गावची बाई हाय त्या वॉर्डात, तिच्या नवऱ्याला भरती केलाय. ती आता मोऱ्यात जाऊन सांगेल, हिनं मुक्या मानसाचं पैसं खाल्लं. तुमी तिथंच उभं राहून बोला, मी खोटं बोललो म्हून. तेवढ्याच मोठ्यानं."

मागणी रास्त होती. मला ती पटलीही होती. तरी माझं तोंड आपोआप उघडलं, आणि मी भाव पाडायला सुरुवात केली. म्हणालो, मेट्रनबाईंसमोर बोलतो, लेखी देतो, हवं तर सही करतो. वॉर्डात कशाला? दादाला मोठा आवाज सोसत नाही.

दादाला आवाज सोसत नाही, हे मी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "आमच्याकडं मासलीचा लिलाव वरडून करतात. चोरून नाय करीत. तुमच्यात सगलंच चादरीखाली काय?" मी गप्प बसलो. गप्प बसणं हेही सौद्यातलं हत्यार आहे, समोरच्याला घाई असेल तर ते चालतं. आणि घाई तिला होती. वर तिचा पेशंट तापानं फणफणत होता, तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. मला हे माहीत होतं आणि मी थांबलो. शेवटी तीच म्हणाली, "बरं. मेट्रनबाईंसमोर तर मेट्रनबाईंसमोर. चला."

मेट्रनबाईंच्या खोलीत, दार लावून, हळू आवाजात मी चूक कबूल केली. सही केली. एका मिनिटाचं काम झालं. आयुष्यात इतका स्वस्त सौदा मी दुसरा केला नाही.

ती वर आली. आधी बराच वेळ त्याची पाठ थोपटत कफ सोडवला, ओढून काढला. मग स्टुलावर बसली, चादर टाकली. मी पडद्याबाहेर उभा होतो. चादर हलली नाही. मग हलली. त्या दुपारी तो दोन मिनिटं बसला. दुसऱ्या दिवशी तीन. ताप उतरायला चार दिवस लागले. मशीन लागली नाही. पण ते तीन दिवस तो कूसही बदलू न देता पाठीवर नुसता पडून होता, तेवढ्यात माकडहाडापाशी जी जखम झाली ती पुढे अडीच महिने भरली नाही. वहिनी घरी रोज ती धुवायची आणि मी आलो की दार लोटून घ्यायची.

गळ्यातली नळी काढल्यावर दादाचा आवाज घोगरा, हवा गळत असल्यासारखा यायचा. त्यानं मला दोष दिला नाही. एकदा मी त्याच्यापाशी बसलो असताना तो आपण होऊन म्हणाला, "तिला सात म्हणत होतो त्या दिवशी."

"माहितीये."

"दहाला तयार होतो मी. जरा ताणत होतो फक्त." मग दम खाऊन म्हणाला, "तेवढ्यात तू आलास."

घरी सोडायच्या दिवशी मी पेढ्यांचे खोके घेऊन गेलो. भेटायची वेळ होती, वॉर्ड भरलेला होता. मोऱ्याची ती बाईही होती, नवऱ्याच्या पायाशी बसलेली. सिस्टर तिथून गेली की ती पदर तोंडाला लावून शेजारणीकडे वळायची. सिस्टरनं दादाच्या पायात चप्पल घातली होती. दादा खुर्चीत बसला होता आणि चादर मांडीवर घेऊन तिचा हात धरून होता. कसला तरी शेवटचा भाव चालला असावा, कारण दोघंही हसत होते. मनगट मला दिसत होतं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

बोलायची ती वेळ होती. माझा आवाज शाबूत होता. चार वाक्यं होती आणि ती मी घरून जुळवून आणली होती. मी खोका उघडला आणि पहिल्या पलंगापासून पेढे वाटायला सुरुवात केली. मोऱ्याच्या त्या बाईलाही पेढा दिला. तिनं तो कपाळाला लावला आणि म्हणाली, भाऊ, देव तुमचं भलं करो. सिस्टरपाशी आलो तेव्हा खोका पुढे केला. तिनं खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, जरा वेळ दिला. मी आणखी पुढे केला. ती म्हणाली, "आबांना व्हीलचेअर आनते," आणि गेली.

गाळा अजून दादाच्याच नावावर आहे आणि ते मी विसरलेलो नाही. त्या बाबतीत मी बरोबर आहे, असं आजही म्हणेन. भाऊ आजारातून उठल्यावर स्वतःहून विषय काढील, अशी मी वाट बघितली. त्यानं काढला नाही. पण नंतर कधीतरी मार्केटात त्यानं माझ्यापुढे हात केला, वर टॉवेल टाकला आणि बटाट्याच्या एका गाडीचा भाव विचारला. मी हात दिला. त्यानं दाबलेला आकडा मी पहिल्या फटक्यात कबूल केला, घासाघीस केली नाही. त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, मी मायेनं सोडलं. खरं म्हणजे त्या टॉवेलाखाली मला ती चादर आठवली होती, आणि हात लवकर सोडवून घ्यायचा होता.